पीसी आपोआप रीस्टार्ट होतोय, संशय रॅमवर आहे : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत. घरी असेंबल केलेला पीसी, पार्ट नवीन किंवा जवळपास नवीन, आणि मधेच काही न सांगता रीस्टार्ट. म्हणून पूर्ण सदर त्यालाच दिलंय. पहिलं उत्तर लांबलंय कारण पुढच्या सगळ्यांना त्याची गरज पडणार आहे, तेव्हा ते सोडून पुढे जाऊ नका.

प्रश्न : ताई, मी स्वतः पीसी जोडला. १६ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅमच्या स्टिक आहेत, ३६०० स्पीडच्या. सुरुवातीला मस्त चालला, आता कधी ब्राउझर उघडा असताना, कधी गेम चालू असताना, कधी नुसता डेस्कटॉप समोर असताना पीसी रीस्टार्ट होतो. ब्लू स्क्रीन येत नाही. विंडोज परत टाकून पाहिली, फरक नाही. एक मित्र म्हणतो रॅम गेली, दुसरा म्हणतो एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). कुठून सुरुवात करू?

उत्तर : दोघांपैकी कोणीही बरोबर असू शकतो, पण अंदाजाने पार्ट बदलत सुटलात तर पैसे जातात आणि दुखणं तिथेच राहतं. आधी मशीनलाच विचारू.

त्याच्याही आधी एक गोष्ट, आणि ही मी अगदी कळकळीने सांगते : डेटा सांभाळा. तुम्ही जे काही कॉपी करता, सेव्ह करता, झिप करता ते सगळं रॅममधून जातं, आणि रॅममधला एखादा बिट उलटत असेल तर फोटो, हिशेबाची फाईल, प्रोजेक्ट, काहीही बिघडलेल्या अवस्थेत डिस्कवर लिहिलं जातं आणि त्या वेळी कुठलाही मेसेज येत नाही. रीस्टार्ट निदान दिसतो तरी, हे दिसतच नाही. म्हणून कारण सापडेपर्यंत जुन्या बॅकअपवर नवा बॅकअप चढवू नका, बॅकअपची डिस्क काढूनच ठेवा. विंडोज पुन्हा पुन्हा टाकणंही थांबवा, खराब रॅममधून टाकलेली विंडोज पहिल्या दिवसापासूनच बिघडलेली असू शकते आणि मग खरं कारण दूर झाल्यावरही त्रास चालूच राहतो, माणूस चक्रावून जातो. बायोस (मदरबोर्डचा स्वतःचा मूळ प्रोग्रॅम) अपडेट तर आत्ता नकोच, तो लिहिला जात असताना मधेच पीसी रीस्टार्ट झाला तर बोर्ड चालूच न होण्याची भीती असते.

आता तपास. ब्लू स्क्रीन येत नाही म्हणता, पण ती खरंच येत नाही की तुम्हाला दिसत नाही? विंडोजमध्ये क्रॅश झाल्यावर आपोआप रीस्टार्ट व्हायचं सेटिंग मुळातच चालू असतं, त्यामुळे निळा पडदा येऊन कधी गेला हे बऱ्याचदा कळतही नाही. सिस्टीम प्रॉपर्टीजमध्ये अॅडव्हान्स्ड टॅब, त्यात स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंग्ज, तिथे ऑटोमॅटिकली रीस्टार्टची टिक काढून टाका. पुढच्या वेळी पडदा निळा होऊन थांबला तर विंडोजला काहीतरी बिघडल्याचं कळलं, म्हणजे रॅम, ड्रायव्हर, डिस्क, प्रोसेसर या बाजूने जायचं. टिक काढूनही पडदा थेट काळा आणि पीसी परत सुरू, तर वीजपुरवठ्यावरचा संशय वाढतो. वाढतो एवढंच म्हणते मी, कारण रॅम फारच वाईट ठिकाणी चुकली तर प्रोसेसर स्वतःच थेट रीसेट होऊ शकतो, तेव्हा विंडोजला काही लिहायला वेळच मिळत नाही.

मग इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टीम. तिथे कर्नल-पॉवर ४१ अशी लाल नोंद दिसेल. ही नोंद पाहून कितीतरी जण नवा एसएमपीएस घेऊन येतात, कारण नावात पॉवर आहे ना. पण ४१ एवढंच सांगते की मागच्या वेळी पीसी नीट बंद न होता परत सुरू झाला. कारण सांगत नाही. त्या नोंदीच्या डिटेल्स टॅबमध्ये बगचेककोड नावाची ओळ असते, खरी माहिती तिथे. तो आकडा ० असेल तर विंडोजला क्रॅशची नोंद करता आली नाही. ० सोडून काही असेल तर ब्लू स्क्रीनचा कोड तो, फक्त दशमान पद्धतीत लिहिलेला : २६ म्हणजे मेमरी मॅनेजमेंट, ८० म्हणजे पेज फॉल्ट, १० म्हणजे आयआरक्यूएल वालं (चुकीच्या मेमरी पत्त्याला हात लागल्याचं), २९२ म्हणजे हार्डवेअरने स्वतः कळवलेली चूक.

एका आकड्यावर भरवसा ठेवू नका, चार-पाच वेळचे आकडे एकाखाली एक मांडून बघा. आज २६, परवा ८०, मग १०, दर वेळी दोष वेगळ्याच ड्रायव्हरच्या नावावर, असं चित्र असेल तर माझं बोट रॅमकडे जातं. कारण खराब जागा तीच असते पण त्या जागेवर कधी ब्राउझर येऊन बसतो, कधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर, कधी विंडोजचा स्वतःचा भाग, आणि जो बसला असेल तो मरतो. दर वेळी तोच कोड आणि तोच ड्रायव्हर असेल तर आधी तो ड्रायव्हर बदलून बघा.

आणि तुमच्या केसमध्ये सगळ्यात सोपी टेस्ट : बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम डब्यावरच्या स्पीडने चालवणारं सेटिंग) बंद करा. डब्यावर ३६०० लिहिलंय म्हणून आपण तो रॅमचा नॉर्मल स्पीड समजतो, पण डीडीआर४ चं जेडेकचं (मेमरीचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं) स्टँडर्ड ३२०० पर्यंतच जातं आणि व्होल्टेज १.२ असतं. त्यापुढचं एक्सएमपी म्हणजे ओव्हरक्लॉकच (ठरलेल्या वेगाच्या पुढे चालवणं), सहसा १.३५ व्होल्टवर. स्टिक तो स्पीड पेलते, पण मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो आणि तुमच्या प्रोसेसरचा कंट्रोलर तो स्पीड पेलेलच असं नाही. एक्सएमपी बंद करून नेहमी जेवढ्या वेळात रीस्टार्ट व्हायचा त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ वापरा. त्रास थांबला तर स्टिक कदाचित चांगलीच आहे, स्पीड ३२०० वर ठेवून बघा, वापरताना तुम्हाला फरकही कळणार नाही. थांबला नाही तर एक्सएमपी बंदच ठेवून पुढचं उत्तर वाचा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, बदललेली गोष्ट कागदावर लिहून ठेवा. तीन गोष्टी एकदम बदलून पीसी बरा झाला तर बरा कशाने झाला ते कधीच कळत नाही.

प्रश्न : मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालवली. सकाळी बघतो तर फक्त ३ एरर. एवढ्या मोठ्या रॅममध्ये ३ म्हणजे काहीच नाही ना?

उत्तर : नाही हो, १ सुद्धा खूप झाली. रॅमची टेस्ट पास म्हणजे शून्य एरर, मधलं काही नाही.

पण त्या ३ ओळी पुसून टाकू नका, फोटो काढून ठेवा, त्यात बरंच काही असतं. प्रत्येक ओळीत पत्ता असतो, काय लिहिलं होतं ते असतं आणि वाचताना काय मिळालं ते. समजा लिहिलं ०००००००० आणि मिळालं ००००८००० (हेक्स पद्धतीत, एक अंक म्हणजे ४ बिट), म्हणजे ३२ पैकी एकच बिट उलटला. तिन्ही ओळींत पत्ता तोच आणि बिटही तोच असेल तर स्टिकमधला तेवढाच सेल गेलाय. पत्ते वेगवेगळे पण बिट कायम तोच, तर एखादी चिप किंवा डेटाची एखादी लाइन, आणि यात स्लॉटमधला खराब कॉन्टॅक्टही आला. पत्ते विखुरलेले, बिटही दर वेळी वेगळे, परत टेस्ट केली की आणखी तिसरीकडेच, तर स्पीड, टायमिंग किंवा व्होल्टेज जमत नाहीये. हे काही काळ्या दगडावरची रेघ नाही, पण पुढे काय करायचं ते ठरवायला पुरतं.

सेल जातो म्हणजे काय तेही सांगते कारण त्यावरून टेस्ट कशी करायची ते कळतं. डीरॅममधला, म्हणजे रॅमच्या चिपमधला, प्रत्येक बिट म्हणजे एका बारीकशा कपॅसिटरमधला चार्ज, आणि तो सतत गळत असतो. म्हणून डीडीआर४ मध्ये नॉर्मल तापमानाला दर ६४ मिलिसेकंदांत सगळ्या ओळी एकदा वाचून परत भरल्या जातात, त्याला रीफ्रेश म्हणतात. कमजोर सेल आपली पाळी यायच्या आत रिकामा होतो. उष्णता वाढली की गळती वाढते, इतकी की ८५ अंशांच्या वर रीफ्रेश दुप्पट वेळा करावा असं स्टँडर्डमध्येच आहे. म्हणूनच रात्री थंड मशीनवर टेस्ट पास आणि दुपारी गेममध्ये ग्राफिक्स कार्डची गरम हवा रॅमवर येऊ लागली की क्रॅश, असं होतं. गेम तासभर खेळून लगेच, मशीन गरम असतानाच टेस्ट लावा.

आता स्टिक ओळखायची. पीसी बंद, वायर भिंतीतून काढलेली, मग पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरा म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मग स्टिक काढा. एकच स्टिक ठेवा, प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या स्लॉटमध्ये (मॅन्युअलमध्ये बहुतेक ए२ लिहिलेलं असतं, तुमच्या बोर्डाचं बघून घ्या), दोन्ही बाजूंनी खट्ट आवाज होऊन बसली पाहिजे. पूर्ण टेस्ट. मग दुसरी स्टिक त्याच स्लॉटमध्ये. एक स्टिक कुठेही लावली तरी एरर देते तर तीच खराब. दोन्ही स्टिक एका स्लॉटमध्ये एरर देतात आणि दुसऱ्यात नाही तर स्लॉट, किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधली एखादी पिन, कूलर वाकडा किंवा जास्त घट्ट आवळला तरी एक चॅनेल (प्रोसेसर आणि रॅममधली वाट) बिघडतो. एकेकट्या दोन्ही पास आणि एकत्र नापास तर स्पीड किंवा व्होल्टेजकडे या.

स्टिकचे सोनेरी संपर्क साफ करायला खोडरबर घासतात बरेच जण. मला ते पटत नाही, सोन्याचा थर अगदी पातळ असतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड, हलक्या हाताने, पूर्ण सुकल्यावर परत लावा.

टेस्टसाठी मेमटेस्ट८६ प्लस फुकट आणि ओपन सोर्स आहे, पेन ड्राइव्हवरून बूट होते. नावाने तशीच दुसरी मेमटेस्ट८६ आहे, तिच्या फुकट व्हर्जनमध्ये ४ पास (टेस्टच्या पूर्ण फेऱ्या) मिळतात. विंडोजची स्वतःची मेमरी डायग्नोस्टिक मला अपुरी वाटते, तिने एरर दिली तर खरी माना, पास केलं म्हणून निश्चिंत होऊ नका.

आणि रॅम इतकी खराब होते का, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. होते. गूगलच्या सर्व्हर्सवर झालेला एक मोठा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये निदान एक तरी एरर नोंदली गेली. ते सर्व्हर ईसीसी मेमरीचे होते, चूक सापडते, दुरुस्त होते आणि मोजलीही जाते. आपल्या घरच्या पीसीत बहुतेक वेळा ईसीसी नसते, त्यामुळे मोजणारं कोणी नसतं.

प्रश्न : मेमटेस्ट एकदम क्लीन, नोंद ४१ आणि कोड ०. जड गेम सुरू केला की काही मिनिटांत रीस्टार्ट. पण एसएमपीएस ७५० वॉटचा आहे आणि मोजलं तर सगळं मिळून ५०० च्या आतच जातं, मग कमी कसा पडेल?

उत्तर : सरासरी वॉट आणि क्षणाचे वॉट यात खूप फरक असतो. ग्राफिक्स कार्ड काही मायक्रोसेकंदांसाठी आपल्या नेहमीच्या वापराच्या दुपटीपर्यंत ओढू शकतं, म्हणून तर २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या स्टँडर्डमध्ये सप्लायने (म्हणजे एसएमपीएसने) स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसला पाहिजे अशी अट घातली गेली. जुन्या सप्लायना ती अट नव्हती.

रीस्टार्ट होतो कसा ते बघा. एसएमपीएसकडून मदरबोर्डला एक सिग्नल सतत जात असतो, पॉवर गुड म्हणतात त्याला, म्हणजे सगळे व्होल्टेज ठीक आहेत. १२ व्होल्टच्या लाइनला साधारण ५ टक्के सूट असते, ११.४ ते १२.६. त्याच्या बरंच खाली घसरलं आणि तो सिग्नल क्षणभर जरी गेला की बोर्ड सगळ्यांना रीसेट करतो. ना ब्लू स्क्रीन, ना डंप फाईल (क्रॅशची माहिती साठवणारी फाईल). सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या व्होल्टेजवर विसंबू नका, इतका छोटा खड्डा त्यात दिसतच नाही.

खर्च न करता तपासायचं असेल तर ग्राफिक्स कार्डचा पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा, फ्रेम लॉक करा (गेमने सेकंदाला किती चित्रं दाखवायची त्यावर मर्यादा घाला) आणि तोच गेम खेळा. रीस्टार्ट थांबला तर गुन्हेगार वीज पोचवणाऱ्या वाटेवर आहे. मग आधी वायरी बघा : कार्डाला दोन सॉकेट असतील आणि तुम्ही एकाच वायरीची दोन तोंडं लावली असतील तर सप्लायमधून दोन स्वतंत्र वायरी आणा. प्रोसेसरची ८ पिनची वायर आणि २४ पिनचा मोठा कनेक्टर काढून परत घट्ट बसवा. एक्स्टेन्शन बोर्ड काढून पीसी थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून बघा. एवढं करूनही होत असेल तर कोणाचा तरी चांगला सप्लाय थोडे दिवस मागून लावा, पण त्याच्या वायरींसकट! एका मॉड्युलर (वायरी काढता-लावता येणाऱ्या) सप्लायच्या वायरी दुसऱ्याला लावू नका, तोंड बसतं पण आतल्या पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि डिस्क, बोर्ड जळतात. आणि एसएमपीएस स्वतः उघडायचा नाही, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढा चार्ज राहतो.

पीसी परत सुरू न होता बंदच पडून राहत असेल तर ती वेगळी गोष्ट, तेव्हा सप्लायचं ओव्हरलोड प्रोटेक्शन किंवा प्रोसेसरचं तापमान बघा.

अजून एक, जे कोणी तपासत नाही : कॅबिनेटचं रीसेट बटण. अडकलेलं बटण किंवा सोललेली वायर असेल तर बोर्डाच्या दृष्टीने तुम्हीच रीसेट दाबताय. फ्रंट पॅनलमधली रीसेटची दोन पिनांची वायर उपसून ठेवा, पीसी तिच्याशिवाय चालतो.

प्रश्न : रॅम, सप्लाय दोन्ही बदलून झाले. तरी गेम व्हिडिओ मेमरी संपली म्हणून बंद पडतात, मोठ्या झिप फाईल उघडताना सीआरसी एरर (फाईलमधला डेटा जुळत नसल्याची) येते. प्रोसेसर इंटेलच्या १३व्या पिढीचा आहे.

उत्तर : मग प्रोसेसरच बघा. १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे चिप कमजोर होत जाण्याचा प्रकार इंटेलने २०२४ मध्ये मान्य केला, मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रॅमचे) अपडेट बायोसमधून दिले आणि बाधित मॉडेलांची वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. बोर्डाचा शेवटचा बायोस टाका, बायोसमध्ये इंटेलचे डिफॉल्ट सेटिंग ठेवा. पण एकदा कमजोर झालेली चिप अपडेटने बरी होत नाही, त्रास चालू राहिला तर वॉरंटीत बदलून मागा, संकोच करू नका. पहिल्या पिढीच्या रायझनवाल्यांना (हे एएमडीचे प्रोसेसर) पीसी नुसता रिकामा बसलेला असतानाच रीस्टार्ट होत असेल तर बायोसमध्ये पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल शोधा आणि ते टिपिकल करंट आयडलवर ठेवा.

प्रश्न : ताई, मी कॉलेजमध्ये आहे. रायझन ७००० सिरीजच्या पीसीत डीडीआर५ च्या दोन ६००० वाल्या स्टिक होत्या, सेम मॉडेलच्या अजून दोन घेतल्या. आता कधी बूटच होत नाही, कधी मधेच रीस्टार्ट. डीडीआर५ मध्ये तर ईसीसी असते ना?

उत्तर : चार स्टिक आणि ६००० हे गणित तुझ्या प्रोसेसरला जड जातंय, स्टिकचा दोष असेलच असं नाही. एएमडीचा अधिकृत आकडा दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिकना ३६०० आहे. दोन वेगळ्या किट मॉडेल नंबर सारखा असला तरी आत वेगळ्या चिपच्या असू शकतात, एकत्र चालतील याची खात्री फक्त एका डब्यातल्या स्टिकना असते. एक्सपो (एएमडीकडचं एक्सएमपीसारखं सेटिंग) बंद कर, चारही स्टिकवर आपोआप जो स्पीड येईल त्यावर चालव. स्पीड हवाच असेल तर चार विकून मोठ्या दोन घे, माझं मत विचारशील तर हेच कर. आणि रॅम बदलल्यावर पहिल्यांदा पडदा काही मिनिटं काळा राहिला तर घाबरून बटण दाबू नकोस, बोर्ड मेमरी ट्रेनिंग (नव्या रॅमशी जुळवून घेणं) करत असतो, मधेच बंद केलंस की परत पहिल्यापासून.

ईसीसीबद्दल : डीडीआर५ मधली ईसीसी चिपच्या आतल्या आत असते. चिपमधून बाहेर पडून प्रोसेसरपर्यंत येताना झालेली चूक ती पकडत नाही, आणि तुझा त्रास नेमका त्याच वाटेवरचा दिसतोय.

प्रश्न : खराब स्टिक सापडली. किटमधली दुसरी चांगली आहे. तीच एकटी बदलून मागू का? आणि बदलल्यावर अजून काही करायचं राहतं का?

उत्तर : जोडी म्हणून घेतली असेल तर दोन्ही एकत्रच पाठवा, बऱ्याच कंपन्या तसंच मागतात आणि परत येणारी जोडी एकत्र तपासलेली असते. एररचा फोटो सोबत जोडा. मधल्या काळात एक चांगली स्टिक लावून काम भागवता येतं, फक्त ती एकटी लावून पूर्ण टेस्ट झालेली असू द्या. लिनक्सवाल्यांना खराब पत्ता वगळून बूट करता येतं, विंडोजमध्येही तशी सोय आहे, पण महत्त्वाचं काम त्यावर करू नका, कमजोर सेलच्या शेजारचे सेलही पुढे जाऊ शकतात.

बदलल्यावर काम राहतं, आणि ते मला रीस्टार्टपेक्षा महत्त्वाचं वाटतं. नवीन रॅमची पूर्ण टेस्ट करा, मगच विंडोज स्वच्छ टाका. त्रास सुरू झाल्यापासून ज्या फाईल कॉपी केल्या, एडिट केल्या किंवा एका डिस्कवरून दुसरीकडे हलवल्या त्या वेगळ्या काढा आणि उघडून बघा, फोटोत अर्ध्या खाली राखाडी पट्टा, व्हिडिओ मधेच अडकणं, झिप न उघडणं ही लक्षणं. बॅकअपची जुनी डिस्क आता लावा आणि दोन्हीकडच्या फाईलींचे चेकसम (फाईलमधल्या डेटावरून काढलेला आकडा) जुळवा, यासाठी फुकटची टूल्स भरपूर मिळतात. जिथे जुळत नाही आणि तुम्ही ती फाईल स्वतः बदललेली नाही तिथे जुनीच प्रत खरी धरायची.